सावलीचं देणं

डेव्ह कॉफिन या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. त्याचा आवाज ऐकलेला नाही, त्याला कधी पत्र लिहिलेलं नाही, आणि मी या जगात आहे हे त्याला ठाऊक असायचं काही कारणही नाही. तरी डिजिटल कॅमेरा हातात आल्यापासून माझ्याकडून बाहेर पडलेला एकही फोटो त्याच्या कामावाचून झालेला नाही. दुसरा माणूस रोजच्या पाहण्यातला. पुण्यात लक्ष्मी रस्त्यामागच्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, ज्यांच्या कोपराशेजारी उभी राहून मी काळं-पांढरं ओळखायला शिकले, ते मास्तर. सगळा स्टुडिओ त्यांना मास्तरच म्हणायचा. या दोघांची एकमेकांशी गाठ पडायचा काही संबंध नव्हता. ती पडली माझ्या टेबलावर. माझ्यावर कुणाकुणाचं देणं आहे ते आठवायला बसले की ही दोन नावं आधी येतात, आणि त्यांच्या मागोमाग मग बरीच.

मी जुन्या वास्तूंचे आतून फोटो काढते. वाडे, देवळांचे सभामंडप, लेणी. आपल्याकडच्या जुन्या इमारती ऊन बाहेर ठेवण्यासाठीच बांधलेल्या. चौकात ऊन रखरखत असतं आणि दोन पावलं आत, माजघरात, डोळा स्थिरावेपर्यंत काही दिसत नाही. माणसाचा डोळा हे सांभाळून घेतो. चौकाकडे बघताना बाहुली आकसते, कोनाड्याकडे वळताना मोठी होते, आणि मेंदू दोन्ही जोडून आपल्याला एकच घर दाखवतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये हे जमत नाही. चौक धरला तर माजघर काळंठिक्कर, माजघर धरलं तर चौक उडालेला. म्हणून एकाच जागेवरून, कॅमेरा तसूभरही न हलवता, कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढायचे, त्यांच्या रॉ फायली उघडायच्या, एकमेकींत मिसळायच्या आणि त्या मिश्रणातून कागदावर मावेल असं एक चित्र काढायचं. हाय डायनॅमिक रेंज म्हणतात ते हे, बोलताना एचडीआर. ऐकायला हे सगळं संगणकाचं काम वाटतं. मला मात्र त्यातली प्रत्येक गोष्ट आधी पाण्याच्या आणि हायपोच्या वासात भेटली.

स्टुडिओत मला ठेवलं होतं रिटचिंगला. निगेटिव्हवर धुळीचा कण राहिला की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक ब्रशने, पातळ केलेल्या शाईने भरायचा. शाई एकदम गडद लावली की डाग पडलाच म्हणून समजा. थरावर थर देत, शेजारच्या करड्याशी जुळेपर्यंत थांबत थांबत जायचं. या कामाने नजर बसते. गालावरचा करडा आणि भिंतीवरचा करडा यांत किती अंतर आहे, हे न मोजता कळायला लागतं. मास्तरांनी माझे ठिपके भरलेले प्रिंट काही दिवस तिरके धरून पाहिले आणि एका दुपारी म्हणाले, “अगं, तुला करडं कळतंय. आत ये.”

आत म्हणजे डार्करूममध्ये. तोवर लग्नांमधून रंगीत रोल आले होते, पण ब्लॅक अँड व्हाइट अल्बम मागणारी घरं अजून होती. मला आठवतो तो अंतरपाटाचा फोटो. मध्ये पांढराशुभ्र अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, अलीकडे नवऱ्या मुलाचा काळा कोट आणि त्याच्या खांद्यामागे मामा. फ्लॅश नेमका अंतरपाटावर बसलेला. मास्तरांनी आधी सरळ प्रिंट काढून दाखवला: अंतरपाट कोरा कागद, स्वस्तिक गायब, कोटाची कॉलर कुठे संपते आणि बाही कुठे सुरू होते ते कळेना. मग निगेटिव्ह उजेडावर धरून म्हणाले, “बघ, यात सगळं आहे. स्वस्तिक आहे, कोटाचं बटणसुद्धा आहे. कागदाच्या पोटात एवढं मावत नाही, म्हणून आपण मावेल असं द्यायचं.”

ते कसं देत ते पाहण्यासारखं होतं. एन्लार्जरचा दिवा लागला की वाकवलेल्या तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा कोटाच्या वर धरायचे. तेवढ्या जागी उजेड कमी पोचला, म्हणजे कोट उजळला. मग मोठ्या पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून फक्त अंतरपाटावर आणखी काही सेकंद उजेड सोडायचे, म्हणजे पांढऱ्यात स्वस्तिक उतरलं. पहिल्याला डॉजिंग म्हणतात, दुसऱ्याला बर्निंग. हा सगळा वेळ त्यांचा हात बारीक हलत असायचा, कारण हात थांबला की पुठ्ठ्याची कड कागदावर उमटते आणि माणसाच्या डोक्याभोवती प्रभावळ दिसते. “कड दिसली की हात दिसला. हात दिसता कामा नये,” हे त्यांचं रोजचं वाक्य. दुसरं वाक्य काळ्याबद्दल होतं. काळ्यात काय आहे ते दिसलं पाहिजे, पण काळं काळंच राहिलं पाहिजे. पांढरं उडालं तर ते चिडत. काळं बसलं, म्हणजे आतलं सगळं मिटून सपाट झालं, तर मात्र गप्प होत. ते जास्त वाईट असायचं.

प्रिंट धुऊन वाळला की त्याच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद व्हायची: कागद कुठला, ग्रेड किती, लेन्सचं अपर्चर, सेकंद, कोटाला किती कमी, अंतरपाटाला किती जास्त. शेजारी चित्राचा एक इवलासा आराखडा आणि त्यात हात कुठे कुठे धरला त्याची वर्तुळं. आमच्याकडे बहुतेक कागद ‘इंदू’चा असायचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. गिऱ्हाईक दहा वर्षांनी परत आलं तरी तसाच प्रिंट काढता यावा, असं त्याचं कारण मास्तर देत. पण गिऱ्हाईक परत येणार नाही हे ठाऊक असलेल्या प्रिंटवरही ते लिहीत.

पुढे डार्करूम बंद झाली. एन्लार्जर भंगारात गेला, मास्तर घरी बसले, आणि मी काही वर्षांनी एक डिजिटल कॅमेरा घेतला. त्यात रॉ नावाची सोय होती. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या मताने काढून दिलेला प्रिंट; रॉ म्हणजे निगेटिव्ह. एवढं कळल्यावर मी रॉशिवाय दुसरं काही काढलं नाही. अडचण अशी की ते निगेटिव्ह उघडायचं कशात? कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी आमच्या संगणकावर चालेना, आणि बाजारातले नावाजलेले प्रोग्रॅम माझ्या मिळकतीत बसणारे नव्हते. धाकट्या भावाने घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं होतं. तो म्हणाला, “ताई, एक प्रोग्रॅम आहे. फुकट आहे. खिडकी वगैरे काही उघडत नाही, नुसती ओळ लिहायची.” ते डीसीरॉ होतं.

डेव्ह कॉफिनने ते १९९७ साली लिहायला घेतलं. बहुतेक कॅमेरा कंपन्या आपापल्या रॉ फायलींची रचना उघड करत नाहीत. एकीची रचना दुसरीसारखी नाही, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरेसुद्धा सारखे लिहीत नाहीत. या माणसाने एकेका कॅमेऱ्याच्या फायली घेऊन, त्यांतले आकडे उलगडत, त्या कशा वाचायच्या ते स्वतः शोधून काढलं. हे त्याने शेकडो कॅमेऱ्यांसाठी केलं, २०१८ पर्यंत करत राहिला, आणि सगळं सी भाषेतल्या एका फाइलीत ठेवून जगाला देऊन टाकलं: कुठलाही कॅमेरा, कुठलाही संगणक, ज्याला हवं त्याने घ्यावं. पुढे लिबरॉ नावाची जी लायब्ररी निघाली ती त्याच्याच कामावर उभी राहिली, आणि तिच्यावर आणखी कितीतरी प्रोग्रॅम. बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथने लिहिलेलं आणि २०१० साली सर्वांसाठी खुलं केलेलं रॉथेरपी मी आजही रोज वापरते, त्याच्याही पायात डीसीरॉचा कोड आहे. मिळकत बेताची असणाऱ्या माझ्यासारख्या बाईला निगेटिव्ह वाचण्याचा हक्क मिळाला तो या माणसामुळे. हे मी जितक्या मोठ्याने सांगता येईल तितक्या मोठ्याने सांगते.

रॉ फाइल पहिल्यांदा डीसीरॉमधून सरळ, काही संस्कार न करता बाहेर काढली तेव्हा जे दिसलं ते जवळजवळ काळं होतं. ४ चा पर्याय लावला की डीसीरॉ सेन्सरचे आकडे जसेच्या तसे, उजेडाच्या सरळ प्रमाणात, १६ बिटांच्या फाइलीत देतं. उजेड दुप्पट तर आकडा दुप्पट. आपल्या डोळ्याचं गणित असं नाही, म्हणून ते चित्र आपल्याला अंधारलेलं दिसतं. पण त्या अंधाराचा अर्थ लावता आला की पुढचं सगळं उलगडतं. १४ बिटांच्या रॉ फाइलीत एकूण १६,३८४ पायऱ्या असतात. स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट; त्या पायऱ्यांतल्या अर्ध्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला जातात. त्याच्या खालच्या स्टॉपला ४,०९६, त्याच्या खालच्याला २,०४८. असं उतरत उतरत माजघरातल्या कोनाड्यापर्यंत यावं तर तिथे मोजक्या पायऱ्या उरतात आणि त्यांत नॉइजचे दाणे मिसळलेले. सावली ओढून उजळवायला गेलं की दाणेच उजळतात. सावली सुरुवातीलाच भरपूर उजेड देऊन वेगळी टिपावी लागते ती यासाठी.

रंगाचंही असंच. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो: कुणी लाल, कुणी निळा, आणि अर्धे हिरवे, कारण उजेडाचा बारकावा आपला डोळा हिरव्यात सर्वांत जास्त टिपतो. बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. राहिलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून ठरवायचे असतात, आणि ते ठरवण्याच्या रीती अनेक आहेत. ब्रॅकेटिंग करून, म्हणजे कमी-जास्त उजेड देत घेतलेल्या सगळ्या फायलींना रीत एकच हवी, व्हाइट बॅलन्स एकच हवा, आणि कुणालाही आपोआप उजळू द्यायचं नाही. एक फाइल जरी स्वतःच्या मनाने उजळली तरी पुढचा हिशेब कोलमडतो. शार्पनिंगही इथे नको, ते शेवटी. लेन्समुळे कडांवर येणारी जांभळी-हिरवी रेघ मात्र इथेच काढून टाकलेली बरी.

फोटो मिसळण्याचा हा हिशेबही १९९७ सालचाच आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीला पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी त्या वर्षी एक शोधनिबंध मांडला. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन त्या जागी खरोखर किती उजेड होता ते परत कसं मिळवायचं, ते त्यात आहे. मलिक आयआयटी कानपूरला शिकलेले. निबंधाचा गाभा मला कळला तो असा: प्रत्येक फोटोतल्या आकड्याला त्याच्या एक्स्पोजरच्या वेळेने भागा. दोन सेकंदांच्या आणि अर्ध्या सेकंदाच्या फोटोतला तोच दगड मग सारखाच उजळ ठरतो. जो आकडा अगदी वरच्या टोकाला आपटलाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका, जो अगदी तळाला लोळतोय त्याच्यावरही नको. मधल्यांना जास्त मान द्या आणि सरासरी काढा. फिल्म किंवा जेपेग असेल तर आधी तिची उजेडाला प्रतिसाद देण्याची वक्ररेषा शोधावी लागते, आणि निबंधातला अवघड भाग तोच. रॉ मुळात सरळ प्रमाणात असल्यामुळे ते सगळं टळतं. त्याच वर्षी या दोघांनी उजेड परत मिळवण्याची रीत सांगितली आणि कॉफिनने रॉ उघडायला घेतली. एकमेकांशी संबंध नसलेली ही दोन कामं माझ्यासारखीच्या हातात एकत्र आली, याचं मला अजून नवल वाटतं.

आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी एक अशी दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट काढणं तर गुस्ताव ल ग्रे याने फ्रान्समध्ये १८५० च्या दशकातच केलं होतं. त्या वेळच्या काचा निळ्याला फार पटकन भुलत आणि आकाश उडून जाई. कल्पना जुनीच आहे.

या मिसळण्याची खरी कसोटी माझ्यासाठी लागली ती कार्ल्याला. एका अभ्यासकाला चैत्यगृहातल्या खांबांचे, त्यांच्यावरच्या लेखांसकट, फोटो हवे होते. पायऱ्या चढून एकवीरा आईच्या देवळापाशी आलं की शेजारीच चैत्यगृहाचं तोंड. बाहेर नारळ, हार, माणसांची गर्दी. आत सुमारे १२४ फूट लांब आणि ४६ फूट उंच दालन. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव खांब, स्तूपामागे सात साधे. वर छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी, स्तूपावर लाकडी छत्री. उजेड सगळा समोरच्या मोठ्या चैत्यगवाक्षातून येतो. तो मधल्या दालनात पसरतो, खांबांच्या अलीकडच्या अंगाला लागतो, आणि खांबांच्या मागे, भिंतीला लागून जी चिंचोळी वाट आहे तिथे जवळजवळ पोचतच नाही.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती अभ्यासकाने काढलेली होती. अपर्चर एफ ८, आयएसओ १००, फोकस एकदा बघून हाताने पक्का केलेला. सर्वांत छोटं एक्स्पोजर १/१२५ सेकंदाचं. त्यात गवाक्षाची कमान आणि तिच्यातून दिसणारं आभाळ नीट आलं, बाकी सगळं काळं. तिथून चौपटीने वर: १/३०, १/८, १/२, २ सेकंद, ८ सेकंद. आठ सेकंदांच्या फोटोत गवाक्ष नुसता पांढरा लोळ, पण मागच्या वाटेतल्या दगडावर छिन्नीचे घाव उमटले. १/१२५ च्या मानाने त्या दगडाला हजारपट उजेड मिळाला होता.

आणि माणसं. देवीचं दर्शन घेऊन आलेली कुटुंबं आत शिरत होती, पोरं घुमणारा आवाज ऐकायला ओरडत होती, एक आजी स्तूपाला हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. फोटो मिसळताना अशी माणसं भुतं होऊन उमटतात: एका एक्स्पोजरमध्ये आहेत, दुसऱ्यात सरकलेली, तिसऱ्यात नाहीत. हाविएर सेलाया याने लिहिलेला एचडीआरमर्ज हा प्रोग्रॅम इथे माझ्या कामी आला. तो रॉ फायली रॉच्याच पातळीवर मिसळतो, रंग ठरायच्या आधी, आणि मिश्रणही रॉसारखंच देतो. व्हाइट बॅलन्स नंतर सावकाश ठरवता येतो. कुठल्या जागी कुठल्या फोटोवर भरवसा ठेवायचा, हे त्यात ब्रशने रंगवून सांगता येतं. त्या आजी १/८ च्या फोटोत स्पष्ट होत्या. त्यांच्यापुरता मी तोच फोटो ठेवला. त्यांना पुसून टाकावं असं मनात आलं नाही.

एक खांब मी पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहिला. करड्या दगडावर, कोरीव अंगापासून वळून सावलीत शिरणाऱ्या बाजूला, ब्राह्मीची ओळ होती. छोट्या एक्स्पोजरमध्ये तिथे काहीच नव्हतं. मिश्रणात अक्षराच्या खोबणीची एक कड उजळ, एक काळी, अशी सगळी ओळ उभी राहिली. अभ्यासकाने एमील सेनार यांचं वाचन पुढे ठेवून ती लावून दाखवली. कार्ल्याचे हे लेख सेनार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. धेनुकाकटाच्या एका यवनाने हा खांब दिला, एवढंच. दुसऱ्या खांबावर दुसऱ्याचं नाव, तोही धेनुकाकटाचा. दारापाशी सिंहदत्त नावाचा गंधी आहे, वेणुवासाचा मुलगा सामी हा सुतार आहे. कुणी काय दिलं आणि देणारा कुठला, इतकीच नोंद. त्या रात्री मी डीसीरॉची ती एक फाइल उघडली, वाचायला नव्हे, नुसती बघायला. हजारो ओळींच्या वर, अगदी सुरुवातीला, नाव आणि सालं होती.

मिश्रण झालं म्हणजे काम झालं असं नव्हे. त्यात आता गवाक्षापासून मागच्या वाटेपर्यंतचा सगळा उजेड असतो, पण तो पडद्यावर मावत नाही आणि कागदावर तर नाहीच. चांगल्या कागदाची मजलही सहा-सात स्टॉपांच्या फार पुढे जात नाही. ती सगळी मजल दाबून मावेल अशी करायची, याला टोन मॅपिंग म्हणतात. एचडीआर बदनाम झालं ते इथे. मध्यंतरी प्रत्येक किल्ला, प्रत्येक घाट तसाच दिसायचा: ढग डांबरासारखे, गवत भडक, शिखराभोवती पांढरी प्रभावळ, सावली म्हणून कुठे शिल्लक नाही. दगडाचं दगडपण जायचं. ज्या माणसाने डार्करूममध्ये हात हलता ठेवायला शिकवलं त्याची विद्यार्थिनी असल्यामुळे ती प्रभावळ कशाची, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. प्रोग्रॅमने आपला पुठ्ठा एका जागी धरून ठेवला होता.

म्हणून २००२ सालचा एरिक राइनहार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध माझ्या हातात आला तेव्हा मला फार भरून आलं. अमेरिकेत ॲन्सल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम बांधली: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडायचे आणि दृश्यातली कुठली जागा कुठल्या टप्प्यावर बसवायची ते आधी ठरवायचं. या निबंधाने टोन मॅपिंगचा पाया म्हणून तीच घेतली. आणि पुढच्या भागात आपोआप डॉजिंग-बर्निंग: प्रत्येक ठिपक्याभोवती किती मोठा परिसर एकसारख्या उजेडाचा आहे ते तपासायचं, आणि तीव्र कड लागायच्या आत थांबायचं, म्हणजे प्रभावळ येत नाही. मास्तरांचा हात गणितात लिहिलेला होता. त्या लोकांनी डार्करूमवाल्यांकडे आदराने पाहिलं, त्यांच्याकडून घेतलं आणि तसं नाव घेऊन सांगितलं, हे मला त्यातल्या सूत्रांहून मोठं वाटतं.

कार्ल्याच्या फोटोला मी ते गणित अर्ध्यापर्यंतच चालू दिलं. पुढचं रॉथेरपीत हाताने: गवाक्ष थोडा दाबला, पण इतका नाही की तो उजेडाचा उगम वाटेनासा व्हावा. मागची वाट उचलली ती दगड आहे हे कळण्यापुरती. खांबावरची ओळ वाचता यावी आणि तरी ती सावलीत आहे हेही दिसावं, हे साधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आतला उजेड दगडावरून उसळून पिवळसर होतो आणि गवाक्षातून येणारा निळसर असतो. दोन्ही सारखे केले की जागा मरते, म्हणून तो फरक राहू दिला.

प्रिंट घेऊन मी मास्तरांकडे गेले. तेव्हा ते थकले होते, पण खिडकीशी प्रिंट तिरका धरायची सवय गेली नव्हती. भिंग घेऊन त्यांनी आधी काळं पाहिलं. वरच्या लाकडी कमानी, मग खांबांच्या मागची वाट, मग ओळ. “ही अक्षरं सावलीतली ना?” म्हणाले. हो म्हटलं. “मग बरोबर आहेत. खाली उजवीकडे जमीन जास्त उजळलीय. डोळा तिकडे जातो. थोडी बसव.” मी मान डोलावली. ते म्हणाले तेच खरं होतं. घरी जाऊन मी जमीन बसवली आणि खांब एकदम पुढे आला.

मग त्यांनी प्रिंट उलटा केला. पाठ कोरी होती. “नोंद?” मी सांगितलं, मास्तर, आता सगळं फाइलीत राहतं, एक्स्पोजर, अपर्चर, काय काय केलं ते सगळं. “फाइल तुझ्याकडे. प्रिंट ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे काय?” त्यांनी सुनेला हाक मारून पेन्सिल मागवली आणि माझ्या हातात दिली. मी एक्स्पोजर लिहिली, १/१२५ ते ८ सेकंद, एफ ८. कागद लिहिला. खाली छोटा आराखडा काढून हात कुठे फिरवला त्याची वर्तुळं काढली. ते बघत होते. “आणि उघडलं कुणी हे? तू मघाशी सांगत होतीस तो माणूस.” मी लिहिलं: डेव्ह कॉफिन. त्याच्याखाली सेलाया, होर्वाथ, डेबेवेक आणि मलिक, राइनहार्ड. अक्षर वाचणारे म्हणून सेनार. प्रत्येकाने काय केलं ते त्यांनी मला एकेक करून विचारलं आणि मी सांगितलं; मलिक कानपूरला शिकलेले म्हटल्यावर त्यांना विशेष आनंद झाला.

जागा थोडी उरली होती. तिथे मी मास्तरांचं नाव घातलं. त्यांनी ते वाचलं, पेन्सिल माझ्याकडून घेतली, आणि आपल्या नावाच्या वर, दाटीवाटीने, आणखी एक नाव लिहिलं. ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. मुंबईला गिरगावात एका डार्करूममध्ये मास्तर पोरवयात कामाला होते, तिथल्या प्रिंटरचं ते नाव होतं. “पुठ्ठ्याला तार यांनी लावायला शिकवली,” म्हणाले, आणि मग ते कसे उभे राहत, एन्लार्जरपासून किती अंतरावर, हे खुर्चीतून उठून दाखवू लागले.